पाठीला मानवेल अशी मोटार

आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत सात गतिरोधक आहेत. ही मोजदाद माझी नव्हे, सौ.ची. जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत आम्हांला राहावयास येऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात त्या रस्त्याने मी सहस्रावधी वेळा गाडी नेली असेन, परंतु गतिरोधक किती, असे कुणी विचारले असते तर 'असतील चार-पाच' एवढेच उत्तर मला देता आले असते. चालविणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असते, येणारा धक्का त्याला आधी दिसतो आणि त्याचे शरीर नकळत सावध होते. मागे बसलेल्या माणसाला मात्र तो अकस्मात लागतो.

सौ.च्या कमरेच्या मणक्यांमधील एक चकती सरकल्याचे निदान झाले आणि सगळे गणित बदलले. शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. व्यायाम करा, वाकून जड वस्तू उचलू नका आणि धक्के टाळा, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिल्या दोन गोष्टी तिने निष्ठेने पाळल्या. तिसरी तिच्या हाती नव्हती. आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपीला जावयाचे आणि घरी आल्यावर तासभर आडवे पडावयाचे, असा क्रम सुरू झाला. उपचाराने जे मिळे, ते परतीच्या वाटेवर सांडून जाई. हळूहळू तिने बाहेर पडणेच कमी केले. आधी जोहरी बाजार सुटला, मग येथील मराठी मंडळींकडची हळदीकुंकवे, मग बुधवारचे मोतीडूंगरीच्या गणपतीचे दर्शन. ती कुरकुर करीत नव्हती, आणि म्हणूनच हे सारे माझ्या ध्यानात यावयास उशीर झाला. गुरुग्रामला कन्येला मुलगा झाला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन या. मी फोनवरच बघेन त्याला." पहिल्या नातवाचे मुख फोनवर पाहण्याची तयारी तिने दाखविली, त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी बदलावयाची हे तेव्हाच ठरले.

मोटार बदलण्याची कारणे बहुधा वेगळी असतात. इंजिन थकते, शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहते, मुलांना जुन्या गाडीचा संकोच वाटू लागतो. आमची गाडी २०१० सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि एका हाकेला सुरू होणारी होती. तिच्यात दोष काढावा असे काही नव्हते. दोष असलाच तर तो ती आणि माझी सहधर्मचारिणी यांच्यातील बेबनावाचा होता. म्हणून या लेखात मी कोणत्याही कंपनीच्या गाडीची भलामण करणार नाही. प्रत्येकाची पाठ वेगळी आणि प्रत्येकाच्या दारातला रस्ताही वेगळा. परंतु सुखद प्रवास देणारी गाडी ओळखावी कशी, यासाठी सात-आठ महिने जी पायपीट केली, तीतून हाती आलेल्या काही गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडाव्यात.

प्रथम जुन्या गाडीलाच न्याय देण्याचे ठरविले. गॅरेजमध्ये तपासणी केली, तेव्हा मागचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेल सोडीत असल्याचे दिसून आले. टायर वरून उत्तम दिसत होते. नक्षीही शिल्लक होती. पण टायरच्या कुशीवर एक चार आकडी संख्या कोरलेली असते. तिचे पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवितात. म्हणजे '२३२५' असे असल्यास तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. आमचे टायर सात वर्षांचे निघाले. रबर वयोमानाने कडक होते, आणि जयपूरच्या उन्हाळ्यात तर ते जरा लवकरच म्हातारे होते. हवाही गरजेपेक्षा पुष्कळ जास्त होती, कारण पेट्रोलपंपावरील मुलाला 'थोडी ज्यादाच भर' असे सांगण्याची मला वर्षानुवर्षांची सवय! हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळील खांबावरच्या पट्टीत लिहिलेला असतो आणि तो गाडी थंड असतानाचा असतो, हे मी प्रथमच वाचले.

शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले, टायर बदलले, हवा नेमकी केली. सात गतिरोधकांपैकी चार सुसह्य झाले. ज्या वाचकांचे काम एवढ्यानेच भागेल, त्यांनी पुढे वाचू नये आणि कर्जाच्या भानगडीतही पडू नये. बँकेच्या मासिकात हे वाक्य कदाचित विपरीत दिसेल, पण ते खरे आहे.

आमचे एवढ्याने भागले नाही. त्यात गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली होती. तपासणीत उत्तीर्ण झाल्यास नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झाले. तेवढे भरून गाडी ठेवणे शक्य होते. परंतु उरलेले तीन गतिरोधक गाडीच्या मूळ बांध्यातच होते: तिची चाके एकमेकांच्या फार जवळ आणि आसन फार खाली. ते कोणत्याही गॅरेजमध्ये बदलून मिळणारे नव्हे.

गाडी सुखद म्हणजे काय, याचा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता. येथील सिटी पॅलेसच्या बग्गीखान्यात पाहुण्यांना आम्ही कितीदा तरी नेले असेल. ब्रिटनच्या युवराजांकडून १८७६ साली भेट आलेली बग्गी तेथे आहे, आणि महाडोल नावाची पालखीही. या खेपेस एकटाच गेलो आणि त्या वाहनांकडे सौ.च्या पाठीच्या दृष्टीने पाहिले. पालखीला स्प्रिंग नसते. भोयांचे गुडघे आणि खांद्यावरचा लवचिक दांडा हीच तिची स्प्रिंग. चाकाच्या गाडीला ही सोय नाही. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने १८०४ साली बग्गीखाली बसविण्याच्या लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले, आणि तेथून बग्गीतला प्रवास माणसाळला. त्यानंतर १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. त्याच्याही आधी रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये तशीच कल्पना नोंदविली होती. परंतु ती काळाच्या पुढे असल्याने विसरली गेली. स्प्रिंग, टायरमधील हवा आणि स्प्रिंगला आवर घालणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर या तिघांच्या मेळावरच आजही आपले हाल किंवा सुख अवलंबून आहे.

यामागचे शास्त्र फार अवघड नाही. चालताना आपले शरीर सेकंदाला साधारण दोनदा वर-खाली होते. या गतीची शरीराला जन्मापासून सवय असते. चांगल्या मोटारीचा डोलारा सेकंदाला एक ते दीड वेळा हलतो, त्यामुळे तो आपणांस बोचत नाही. परंतु सेकंदाला चार ते आठ कंपने बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत अधिक जाणवतात, कारण त्या पट्ट्यात शरीर स्वतःच त्यांना साथ देऊ लागते. कडक टायर, थकलेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि ताठ स्प्रिंग यांतून येणारा 'खडखड' धक्का नेमका याच घरातला. याच्या उलट टोकही आहे. गाडी फारच संथ, नावेसारखी हलू लागली की पाठ वाचते पण पोट ढवळते; पाच सेकंदांत एखाद्या हेलकाव्याने माणसाला सर्वाधिक मळमळते. म्हणून 'मऊ' आणि 'सुखद' हे समानार्थी शब्द नव्हेत. एका अतिशय मऊ गाडीतून आम्ही टोंक रस्त्याने सांगानेरपर्यंत गेलो. गतिरोधक गादीवरून गेल्यासारखे गेले, पण प्रत्येकानंतर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली. सौ. उतरली ती रुमाल तोंडाशी धरूनच.

दुसरी गोष्ट दोन चाकांमधल्या अंतराची. पुढचे चाक उंचवट्यावर चढते, क्षणभराने मागचे. हे अंतर कमी असेल तर गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे कलते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांवर प्रयोग करून दाखविले की मागच्या स्प्रिंगचा डोल पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवला तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि हा झोपाळा लवकर शमतो. ग्राहकाला हे मोजता येत नाही, पण चाकांमधील अंतर माहितीपत्रकात छापलेले असते. मारुती ८०० चे हे अंतर २,१७५ मिलिमीटर होते, तर अ‍ॅम्बॅसॅडरचे सुमारे २,४६४ मिलिमीटर.

अ‍ॅम्बॅसॅडरचे नाव निघाले की आमच्या पिढीचा आवाज हळवा होतो. जयपूरच्या पर्यटन-टॅक्सींच्या रांगेत ती दीर्घकाळ अग्रभागी होती. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून बेतलेली ही मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होई. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या मागे जुन्या बैलगाडीच्या नात्यातल्या वाटाव्यात अशा पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. तरीही मागच्या आसनावरचा प्रवास लोकांना सुखाचा वाटे, तो लांब बांधा, पंधरा इंची चाकांवरचे उंच टायर आणि दिवाणखान्यातल्या कोचासारखे आसन यांमुळे. तिचे स्टिअरिंग वळविताना खांदे भरून येत, हे मात्र हळवे होणारे लोक सांगत नाहीत.

आणि मागचे आसन म्हणजे मागच्या चाकांच्या किती जवळ, हेही पाहिले पाहिजे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट ओलांडला आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही चाकांच्या मध्यावरचे आसन सर्वांत शांत असते. सौ. पूर्वी पुढे बसत असे. आजारपणात 'मागे ऐसपैस बसता येईल' म्हणून मीच तिला मागे बसविले होते. माझ्या काळजीची ही फळे.

या विषयात एक गोष्ट मला अतिशय आवडली. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यांसाठी एक स्वस्त गाडी बनविण्याचे ठरविले, तेव्हा प्रमुखांनी अभियंत्यांना घातलेली अट अशी सांगतात की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटता कामा नये. १९४८ साली ती '२ सीव्ही' जगापुढे आली. दिसावयास ती अत्यंत वेडीविद्री, इंजिन जेमतेम, पत्रा पातळ. पण तिच्या निर्मात्यांनी आधी टोपली पाहिली आणि मग गाडी. आजच्या शोरूममध्ये नेमके उलट घडते. आधी छताची काच दाखवितात, मग पडदा, मग रंग बदलणारे दिवे. बोलून चालणारी खिडकीही आम्ही पाहिली. टोपलीबद्दल कुणी बोलत नाही.

उलट, याच चढाओढीत सुख कसे निसटते, हे टायरवरच्या आकड्यांनी मला दाखविले. एकाच मोटारीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना अनेकदा निरनिराळी चाके असतात. टायरवर '१६५/८० आर १४' असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कुशीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा आतल्या धातूच्या चाकाचा व्यास इंचांत. गुणाकार केला तर या टायरची कूस १३२ मिलिमीटर येते. '१८५/६५ आर १५' ची सुमारे १२० आणि '१९५/५५ आर १६' ची अवघी १०७. गंमत अशी की तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. म्हणजे धातूचे देखणे चाक जेवढे मोठे, तेवढी त्याच्या आणि रस्त्याच्या मधली हवा कमी. गतिरोधकाचा, खड्ड्याचा पहिला वार हीच हवा झेलत असते. सर्वांत महागड्या आवृत्तीत मोठी चाके देऊन आपण पंचवीस मिलिमीटर हवा गमावतो आणि त्यासाठी वर पैसेही मोजतो! मोठी चाके वळणावर अधिक स्थिर असतात, हे कबूल. परंतु सौ.ला वळणे शर्यतीने घ्यावयाची नव्हती.

आसनाची कथा निराळी. शोरूममध्ये जे आसन बसताक्षणी गुबगुबीत वाटते, ते अर्ध्या तासाने मणक्याला आधार देईलच असे नाही. आम्ही एक नियम केला: उभ्या गाडीत वीस मिनिटे बसून राहावयाचे. विक्रेता तरुण चुळबुळ करी, "आंटीजी, एसी चालू करूँ?" असे दर पाच मिनिटांनी विचारी. सौ. शांतपणे हो म्हणे आणि बसून राही. मांडीला गुडघ्यापर्यंत आधार मिळतो का, पाठीचा कोन बदलता येतो का, दार पुरेसे उघडते का, हे तिनेच शोधून काढलेले प्रश्न. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत शिरण्याची रीत. खाली आसन असलेल्या लांब गाडीत माणसाला पाठ वाकवून उतरावे लागते. फार उंच गाडीत पाय उचलून चढावे लागते, आणि चकतीच्या रुग्णाला दोन्ही नकोसे. दाराशी पाठमोरे उभे राहून सरळ मागे टेकता यावे आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळविता यावेत, एवढी आसनाची उंची असावी. ती प्रत्येकाच्या कमरेप्रमाणे ठरते. ती कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

आता पुन्हा गतिरोधकांकडे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्या गल्लीतील गतिरोधक हात-दीड हात रुंदीचे आहेत. रहिवाशांनी रात्रीतून घातलेले. त्यांच्यावरून कोणत्याही वेगाने गेले तरी धक्का बसतोच. मोठ्या रस्त्यावरील चाचणीत हा अनुभव येण्याची सुतराम शक्यता नाही, आणि विक्रेते आपणांस नेतात ते मोठ्या रस्त्यावरच. आम्ही हट्ट धरला की गाडी आमच्या घरी आणावी आणि चाचणी आमच्या सात गतिरोधकांवर व्हावी. एकाने नकार दिला; त्याचे दार आम्ही पुन्हा चढलो नाही. बाकीच्यांनी आढेवेढे घेत मान्य केले. निघण्यापूर्वी चारही टायरांतील हवा मोजून पट्टीप्रमाणे करून घ्यावयाची, मी चालवावयाचे, वेग दर वेळी सारखा, गाडीत माणसे तितकीच, सौ. मागे, डोळे मिटून. शाळेत तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या हातांनी तिने वहीत रकाने आखले होते: चढणे, पहिला, तिसरा, सातवा, वीस मिनिटांनंतर, उतरणे. दहापैकी गुण. गाडीची किंमत तिला मी सांगितलेली नव्हती.

दुसरी फेरी ब्रह्मपुरीत. सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे नगर वसविले. त्यांचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय. त्यांची हवेली या वस्तीत आजही आहे, आणि महाराजांच्या वेधशाळेच्या उद्योगातले पंडित जगन्नाथ सम्राट हेही आपल्याकडचेच. मराठी माणूस जयपुरात आज आलेला नाही, हे पाहुण्यांना सांगताना मला नेहमी जरा चढते. असो. तेथे आमचे एक जुने स्नेही राहतात, आणि त्यांच्या दारापर्यंतची वाट म्हणजे मोटारीची सत्त्वपरीक्षाच. एक गाडी मुख्य रस्त्यावर सर्वांत पुढे होती, येथे सर्वांत मागे पडली.

सहा गाड्यांनंतर गुणपत्रिका पूर्ण झाली. पहिली आली ती मध्यम किमतीची, उंच बांध्याची छोटी मोटार. आणि तीही तिच्या वरच्या नव्हे, तर खालून दुसऱ्या आवृत्तीत, लहान चाके आणि उंच टायर असलेली. तिच्याच सर्वांत महाग आवृत्तीला सौ.ने दीड गुण कमी दिला होता. मला छताची काच हवी होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. सुरक्षिततेसाठी मात्र मी तडजोड केली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ही अपघात-चाचणीची पद्धती लागू झाली आहे. निवडलेल्या गाडीला मिळालेले तारे पाहून घ्यावेत, आणि ते आपण घेत असलेल्या आवृत्तीला लागू आहेत ना, हेही विचारावे.

नवरात्राचा मुहूर्त आपोआपच साधला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील, म्हणजे चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलचे इंजिन १,२०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांवरील, जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्या दिवसांत सर्वत्र अशी घाई होती की विक्रेत्याने आम्हांला 'या आठवड्यात वरची आवृत्ती लगेच मिळेल, खालचीला महिना लागेल' असे सांगितले. आम्ही महिना थांबलो. जी पाठ दोन वर्षे दुखत होती, तिला आणखी एक महिना दुखवून पुढची दहा वर्षे वाचवावयाची, असा सौ.चा हिशेब.

कर्जाचा हिशेब माझ्याकडे होता. आपल्या शाखेतील अधिकाऱ्यांनी प्रथम माझे वय विचारले, आणि ते योग्यच होते, कारण निवृत्तिवेतनधारकाला परतफेडीची मुदत वयाच्या मर्यादेत बसवावी लागते. सहा लाख रुपये, व्याजदर समजा वार्षिक ९ टक्के. पाच वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये. सात वर्षांसाठी सुमारे ९,६५३. दुसरा हप्ता हलका वाटतो खरा, परंतु व्याजाची एकूण रक्कम पहिल्यात सुमारे १ लाख ४७ हजार, तर दुसऱ्यात सुमारे २ लाख ११ हजार होते. सुमारे ६४ हजार रुपयांचा हा फरक म्हणजे आमच्या फिजिओथेरपीचे कित्येक महिने. वरच्या आवृत्तीसाठी दीड लाख अधिक उचलले असते, तर पाच वर्षे दरमहा ३,११४ रुपये त्या पंचवीस मिलिमीटर हवा घालविण्यासाठी द्यावे लागले असते. आम्ही पाच वर्षांची मुदत घेतली. बदलत्या व्याजदराचे कर्ज व्यक्तीने मुदतीपूर्वी फेडल्यास त्यावर दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच सांगितले आहे; व्याजदर स्थिर असेल तर ही अट आधी विचारून घ्यावी.

आता माझ्या अजागळपणाची गोष्ट. जुन्या गाडीचे कर्ज मी २०१५ साली फेडले. बँकेने ना-हरकत पत्र आणि नमुना क्रमांक ३५ च्या प्रती हाती दिल्या. त्या मी काळजीपूर्वक कपाटात ठेवल्या, आणि दहा वर्षे त्या तेथेच काळजीपूर्वक राहिल्या! नोंदणी पुस्तकावर गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद तशीच. विकावयाच्या वेळी घेणाऱ्याने ती दाखविली तेव्हा कपाट उघडले, तर पत्राची मुदत केव्हाच उलटून गेलेली. खाते बंद झालेले, जुने अधिकारी बदलून गेलेले. नवे पत्र मिळाले, पण त्यात तीन आठवडे गेले आणि घेणाराही गेला. कर्ज फिटले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्यांत मी एकटाच नाही, असे शाखेत कळले. परिवहन कार्यालयात जाऊन ती नोंद काढून टाकावी लागते, तेव्हाच गाडी पूर्णपणे आपली होते. कर्मचारी बंधुभगिनींनी शेवटचा हप्ता घेताना ग्राहकाला एवढे एक वाक्य सांगितले तरी अनेकांचे हेलपाटे वाचतील.

विक्रीच्या वेळी नमुना २९ आणि ३० भरून मालकी बदलून घेतली. विम्याबाबतही एक लाभ हातचा जाता जाता राहिला. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीला नसून मालकाला असते. पहिल्या दावाविरहित वर्षाला २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत ती चढते, आणि विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यात, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती वापरता येते. मला याचा पत्ता नव्हता; शाखेतल्या एका तरुण अधिकारी भगिनींनी सुचविले. जुनी गाडी एका विद्यार्थ्याने नेली. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा सौ. गच्चीवर उभी होती. 'हाडवैरीण गेली एकदाची' असे ती म्हणेल, ही माझी अपेक्षा चुकली. ती काहीच बोलली नाही, आणि संध्याकाळी तिने चहात साखर घालावयाची विसरली.

जयपुरात नवे वाहन प्रथम मोतीडूंगरीच्या गणपतीपुढे न्यावयाचे असते, आणि तेही शक्यतो बुधवारी. त्या दिवशी मंदिरासमोर हार घातलेल्या मोटारी, स्कूटर, एखादा ट्रॅक्टरसुद्धा रांगेने उभा असतो. पुजारी बॉनेटवर शेंदराचे स्वस्तिक काढतो, नारळ फुटतो आणि पुढच्याने जागा सोडावी म्हणून मागचा भोंगा वाजवितो. आम्ही बुधवारी सकाळी निघालो. सौ. या वेळी पुढे बसली होती. पहिला गतिरोधक गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर तिने ओठ आवळले, कारण तो एका बाजूला उंच आणि एका बाजूला खचलेला असून तेथे गाडी आडवी डोलते. त्यावर कोणत्याही टायरचा इलाज नाही. वसाहतीच्या समितीकडे त्याबद्दल अर्ज दिलेला आहे. बाकीचे सहा गेल्याचे तिने मोजले की नाही, मला ठाऊक नाही, कारण ती फोनवर कन्येशी बोलत होती.

"अगं, महामार्गावर कोटपुतळीला थांबू, मग बहरोडला. दर तासाला उतरून चार पावले चालले म्हणजे झाले. बाळाला घालायला लोकरीचे काही आहे का तुझ्याकडे, की मी आणू?"

फिजिओथेरपिस्टनी दोन थांबे सुचविले होते. आम्ही चार घेतले आणि दुपारच्या जेवणाला गुरुग्रामला पोहोचलो.